आमरी फुलली तो रविवार

मी बीडच्या एका कॉलेजात बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय आणि अजून मला कुणी काढून टाकलेलं नाही.

उन्हाळ्यात नांदूरघाटहून माझे सासरे, अण्णा, आले. माळावरचा बांध नीट करताना निघालेला एक कंद त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "जावयबापू, हे कशाचं हाय?"

"आमरी!" मी पाहताक्षणी सांगितलं. (म्हणजे चष्मा न लावता.) "लोक ऑर्किड ऑर्किड करत नाचतात ना, त्यातलीच जमिनीत कंद धरणारी जात!"

"एवढा थोराड कंद?" बायकोनं, सुनीतानं, शंका काढली.

"जातिवंत आहे!"

कुंडीत भरड वाळू, पालापाचोळ्याचं खत, थोडी माती घातली. कंद झोपलेला असतो तोवर पाणी बंद! सुनीतानं तांब्या नुसता उचलला तरी मी ओरडायचो. जूनमध्ये पाणी सुरू केलं आणि जांभळट कोंब वर आला. आधी वीतभर, मग हातभर! मी थेट प्राचार्यांनाच रविवारी संध्याकाळी फूल बघायला, चहाला बोलावलं.

नेमका त्या रविवारी सकाळी घरात मेलेल्या उंदराचा वास सुटला.

"अहो, फ्रिजमागं असेल!" फ्रिज ओढला. कपाट ओढलं. दिवाण अंगणात नेला. शेजारचे शेखभाई काठी घेऊन धावत आले. "सर, उंदीर न्हाई, घूस असंल!" दुपारपर्यंत सगळं सामान बाहेर होतं आणि उंदीर कुठंच नव्हता!

चारला अण्णा एसटीनं आले, फूल बघायला. दारातच थबकले, नाक वर केलं आणि वासामागं सरळ कुंडीपाशी गेले.

"कावून उंदीर हुडकताव? हे तुमचंच फूल हाय. रानसुरण हाय ह्यो!"

मी चष्मा लावला. आमरीचे कंद लहानसे, बहुतेकदा जोडीनं असतात, एक सुकत चाललेला आणि एक नवा भरलेला. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो!

तेवढ्यात फाटक वाजलं. प्राचार्य! रुमाल नाकाला लावून तेही कुंडीपाशी आले. पान एकही नाही, नुसतं काळपट लाल फूल, मधून उभा दांडा आणि भोवती माश्यांची जत्रा. अण्णांनी दांड्याला बोट लावलं.

"गरम हाय की! ताप आल्यावानी!"

आम्ही एकेकानं हात लावला. खरंच कोमट! "सुभानल्ला," शेखभाई पुटपुटले. ही फुलं तापतात हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, पण माझ्या बोटाला ते त्या दिवशी कळलं. वास विसरून मी नुसता उभा राहिलो.

"सर, हेच दाखवायला बोलावलंत?" प्राचार्यांनी हळूच विचारलं.

"हो तर! खास हेच!"

तोवर अण्णांनी माझ्या सुवाच्य अक्षरातली 'आमरी' अशी पाटी कुंडीतून उपटून गुपचूप खिशात घातली होती. मी वाकून त्यांचे पाय धरले.

"जावई असावा तर असा!" प्राचार्य भारावून म्हणाले.