समाधानी पालकाचा व्हिडिओ

हे सांगायचं मी पाच-सहा वर्षं टाळत आलो. निवृत्तीच्या समारंभातही तोच व्हिडिओ दाखवला गेला, टाळ्या पडल्या, आणि मी हसून नमस्कार केला.

तेव्हा करोनामुळे शाळा बंद होत्या. धामणगाव बढेजवळच्या एका खेड्यात मी पाचवीला मोबाईलवरून शिकवत होतो. पालक समाधानी आहेत का, याचा छोटा व्हिडिओ तालुक्याच्या कार्यालयानं मागवला होता. मोटारसायकल काढून मी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या शेतावर गेलो.

बांधावर पोचलो आणि थबकलोच. कपाशीतून माझाच आवाज येत होता! मुलीच्या आईनं कमरेच्या ओटीत, वेचलेल्या कापसावर मोबाईल ठेवला होता. मी पाठवलेला तेराचा पाढा मोठ्यानं चालू होता आणि ती नि तिच्या दोन जावा, हात न थांबवता, माझ्यामागून म्हणत होत्या. तेरा पंचे पासष्ट! इतक्या वर्षांत माझ्या वर्गात असा सूर लागला नव्हता. मी घाईघाईनं मोबाईल समोर धरला.

"ताई, समाधानी आहात ना?"

"समाधानी? अहो सर, मी चौथी नापास! आता तेराचा पाढा येते मले!"

"मंग तूच बस वं परीक्षेले," धाकटी जाऊ म्हणाली.

"बसतेच! तू मांगं बसून नक्कल कर."

तिघी अशा हसल्या की मलाही हसू आवरेना. मग आईचा आवाज उतरला.

"पण सर, पोरगीलेच हे ऐकाले भेटत नाही. ते तिकडच्या टोकाले वेचून राह्यली. औंदा बीटी कपाशीतही अळी घुसली, मजूर लावनं होत नाही. दुपारी तरी तिले सोडा, असं तिच्या बाबाले सांगा ना. तुमचा शब्द मोडत नाहीत ते."

"सांगतो," मी म्हणालो. दूर कपाशीवर दोन वेण्या वर-खाली होत होत्या. पण मला घरी जाऊन व्हिडिओ पाठवायची घाई झाली होती.

"पण सर"च्या आधी मी व्हिडिओ कापला आणि पाठवला. तासाभरात तो तालुकाभर फिरला. फोन थांबेना! आठवडाभर मी त्याच आनंदात होतो. तिच्या वडिलांकडे गेलोच नाही. शाळा उघडली तेव्हा गेलो, तर ते म्हणाले, "आता तिची अभ्यासाची सवय मोडली, सर. तवाच म्हनले असते तं सोडलं असतं."

परवा मलकापूरच्या स्टँडवर ती मुलगी भेटली. वेचणाऱ्या बायकांसोबत निघाली होती. धावत येऊन पाया पडली. "सर! आईचा व्हिडिओ अजून आहे माह्याजवळ. किती हसते ते त्यात!"

मी "हो ना" म्हणालो. गाडी लागली, ती चढली. तोंडाशी आलेलं तिथंच राहिलं: पोरी, त्यानंतरही तुझी आई बोलली होती. तुझ्यासाठी बोलली होती. ते मी कापलं. माझं चुकलं, मला माफ कर.