ठणठणीत क्षयरोगी

एका ठणठणीत माणसाचा क्षय मी अर्धं वर्ष बरा करत होते. वर तो बरा होतोय म्हणून मिरवतही होते. हे ऐकलं की नातवंडं म्हणतात, आजी, तुला कळलं कसं नाही? अरे, कळायला अक्कल लागते. माझ्याकडे तेव्हा नुसतं प्रशिक्षण होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. घाटकोपरला पालिकेच्या दवाखान्यात मी हेल्थ व्हिजिटर होते. क्षयाचे रोगी शोधायचे, त्यांना गोळ्या द्यायच्या, आणि मधेच कोणी गायब झालं की डोंगरावरच्या वस्तीत चढून त्याला हुडकून आणायचं, हे आमचं काम. जरा बरं वाटलं की लोक गोळ्या सोडून देत. मग आजार उलटे, आणि उलटलेला आजार त्याच गोळ्यांना दाद देत नसे. म्हणून आम्ही मागे लागायचो. मी तर जरा जास्तच. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि तोरा असा की वस्तीतले जंतू मला बघूनच पळ काढतील.

हा माणूस मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला. पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा असा काही खोकला, की बाकावरचे पेशंट आपापला खोकला विसरून त्याच्याकडे बघत राहिले. मी त्याच्या हातात डबी दिली. "उद्या सकाळी उठल्या उठल्या छातीतून निघालेला बेडका आणायचा. नुसती थुंकी चालणार नाही." दुसऱ्या दिवशी त्याने घरून डबी भरून आणली. तपासणीत जंतू निघाले. एक्स-रेचं यंत्र बिघडलेलं होतं, पण बेडक्यात जंतू दिसल्यावर एक्स-रे हवाय कुणाला? सुईची भीती वाटते म्हणाला, म्हणून नुसत्या गोळ्यांवर ठेवला.

आणि काय पेशंट हो! ठरल्या दिवशी हजर, एक खाडा नाही. वजन तर वाढतच चाललेलं. मी त्याला बाकावरच्यांसमोर उभं करायची. "बघा यांच्याकडे! याला म्हणतात औषध घेणं." तो खाली मान घालायचा. मला वाटायचं, किती विनम्र माणूस.

मग यंत्र दुरुस्त झालं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला आत बोलावलं.

"याच्या छातीत जुना डागसुद्धा नाही गं. याला क्षय कधी झालेलाच नाही. मग ज्याचा बेडका तपासला, तो माणूस कुठेय?"

प्रश्न सरळ होता. पण माझ्या डोक्यात एकच शिरलं, हा गोळ्या बाहेर विकतोय! मला फसवतो म्हणजे काय? तशीच तणतणत डोंगर चढले. त्याला घरच्यांसमोर उघडं पाडायचं, काय काय बोलायचं, सगळं वाटेत जुळवलं होतं.

एवढीशी खोली. दाराशी त्याची म्हातारी आई तांदूळ निवडत बसलेली, आत बायको स्टोव्हपाशी. मला बघताच ह्याला खोकल्याची उबळ आली. गावच्या जत्रेत हा दशावतारात सोंगं घ्यायचा, हे मला फार नंतर समजलं.

"पुरे!" मी म्हटलं. "आज मला..."

"बाये, तुझे उपकार गो," म्हातारी मधेच म्हणाली. "माझो झील वाचलो. ह्या बघ, तेचो पेलो मी वेगळो ठेवलंय. कोणाक हात लावक देनय नाय."

फळीवर लाल दोरा बांधलेला पेला होता. म्हातारी माझ्याकडे तोंड करून हे सांगत असतानाच तिच्या पाठीमागे सून उठली, सवयीने तोच पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि प्यायली. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. पेला हातात तसाच राहिला. गालांवर आता कुठे मांस धरू लागलेलं होतं, गळ्याची हाडं अजून वर होती.

मी पेल्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. तो खोकायचा थांबला होता. नुसत्या डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तेव्हा कुठे प्रशिक्षित डोक्यात उजेड पडला. एवढंच कळलं, की आत्ता मी बोलले तर त्या बाईच्या गोळ्या बंद होणार. का, ते नव्हतं कळलं.

"आज तुका काय गो?" म्हातारीने विचारलं.

"आज मला... चहा हवाय," मी म्हटलं. "आणि आजी, औषध अजून चालूच ठेवायचं हां. मधे थांबवलं तर केलेलं सगळं पाण्यात." सांगत होते म्हातारीला, बघत होते सुनेकडे. तिने हळूच मान हलवली.

चहा झाल्यावर तो मला उतारापर्यंत सोडायला आला. घर दिसेनासं होईपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"उद्या तिला घेऊन यायचं. कार्डावर नाव कुणाचंही असो, छाती तिची तपासायचीय. आणि मला इतके महिने मूर्ख बनवलंत? लाज नाही वाटली?"

तो म्हणाला, "बाई, रागावू नका. माझी आई वाईट नाय. पण सून आजारी म्हटलं असतं तर हिला गावाक धाडली असती, नि तिथं ही गोळ्या घेते का नाय ते कोण बघणार? मुलगा आजारी म्हटल्यावर आई रोज दोन अंडी उकडून ठेवते. एक हिला देतो. दुसरं मी खातो, खोटं कशाला बोलू?"