दक्षिणेकडं तोंड केलेली प्लेट

त्या दिवशी कुरकुंभला कंपनीत माझी पहिली पाळी होती. अकराच्या सुमाराला गेटवरचा वॉचमन धावत आला, म्हणाला, "वडगाव रासाईहून फोन होता. तुमच्या मामांच्या घरचं कुणीतरी गेलं, लगेच निघा." कोण गेलं हे त्यानं विचारलंच नव्हतं, आणि मलाही विचारायची गरज वाटली नाही. मामीच. वीस वर्षांचा दमा... दर थंडीत आम्ही सगळे मनातल्या मनात तयारी करून बसायचो. चौफुल्यावरून पारगावचा पूल ओलांडेपर्यंत मी गाडीवर मामींसाठी रडून घेतलं, मामांना काय बोलायचं तेही जुळवलं. वस्तीवर पोचलो तर मामी ओट्यावर. धापा टाकत होत्या, पण बसलेल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "दत्ता, तुझं मामा गेलं रं..." चार मेंढरं घेऊन बांधावर गेलेला माणूस बाभळीखाली टेकला, तो उठलाच नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. मामींसाठीचं माझं रडणं वाया गेलं आणि मामांसाठीचं अजून धड आलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

मामांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मग भीमेकाठी तीन एकरांत स्थिरावले, गावापासून दूर वस्ती केली. विजेचे खांब गावाशीच संपले होते. सहा वर्षांपूर्वी शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मामींसाठी घरात वाफेचं मशीन ठेवा. दम लागला की आधी पंधरा मिनिटं वाफ द्या, मग दवाखान्यात आणा, नाहीतर एक दिवस वाटेतच... मशीनला वीज हवी आणि वस्तीवर वीज नाही, म्हणून सोलरचं माझ्या गळ्यात आलं. कंपनीत भल्यामोठ्या मोटारी खोलणारा मी भाचा, सगळ्यांना वाटायचं याला सगळंच येतं. खरं सांगायचं तर सोलर म्हणजे कॅल्क्युलेटरवरची काळी पट्टी, एवढीच माझी ओळख. पण तसं कबूल करायला जड गेलं.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही हिशोब मांडला. मशीनला किती वॉट, दिवसात किती मिनिटं, दोन दिवे किती तास, ऊन किती तास धरायचं, आणि दोन दिवस आभाळ आलं तर बॅटरीत किती शिल्लक हवं. घोंगडीवर बसून मामा ऐकत होते. मी म्हणालो, बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर ती लवकर मरते. मामांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी कोकराचं ठेवायचं! मेंढीचं समदं दूध कुणी काढतं व्हय?" त्या दिवसापासून बॅटरीतल्या त्या राखीव अर्ध्याला आमच्या घरात 'कोकराचं' हेच नाव पडलं. भावकीतल्या एकानं त्यावर टीव्ही लावता येईल का म्हणून विचारलं, तर मामा फिस्कारले, "टीव्हीला काय दम लागतुया?" विषय तिथंच संपला.

घोडं अडलं ते दिशेवर. पत्र्यावर लोखंडी घोडी, म्हणजे तिरकं स्टँड, ठेवली, तिच्यावर सोलरची प्लेट चढवली. मी म्हणालो, तोंड दक्षिणेला. मामा शिडीवरच थांबले. "दक्षिणेला? अरं, दिव्याचं तोंड आपण कवा दक्षिणेला करतो का? ती यमाची दिशा. घरात आजारी माणूस हाय. सूर्य उगवतोय तिकडंच तोंड करायचं." मला माहीत होतं, हे चुकतंय. चांगलं माहीत होतं. पण मामांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, शिवाय मला संध्याकाळची पाळी गाठायची होती. मी मान डोलावली आणि नट आवळले.

पौषात नदीकाठचं धुकं दहा-दहा वाजेपर्यंत उसावरून हलत नाही. पूर्वेला तोंड केलेल्या प्लेटचं सगळं काम सकाळचं, आणि सकाळच धुक्यात जायची. धुकं निवळेपर्यंत ऊन दक्षिणेकडं सरकायचं. मामांनी दोन्ही दिवे बंद ठेवले, कंदिलावर आले, तरी बॅटरी रोज थोडी थोडी उतरत गेली. माझी सुट्टी होती त्या सकाळी मामींना दम लागला. मशीन सुरू केलं. चार मिनिटं वाफ आली, मग इन्व्हर्टर कुईं कुईं करायला लागला... आणि बंद. मामींचे ओठ निळे पडत होते, त्यांची नखं माझ्या दंडात रुतली होती. शिरूरला न्यावं तर वाटेत शेजाऱ्यांची उसाची भरलेली ट्रॉली आडवी. मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पक्कड घेऊन धावत सुटले. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ओरडत होता, ते त्यांना ऐकू तरी आलं का कोण जाणे. लंगडं कोकरू घ्यावं तशी ट्रॅक्टरची जड बॅटरी खांद्यावर टाकून आले. घाईत पहिल्यांदा वायर लावताना ठिणगी उडाली, वाटलं आता इन्व्हर्टरही गेला. दुसऱ्यांदा मशीन घरघरलं. मामींच्या छातीचा भाता हळूहळू संथ होईपर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

नंतर मामांनी विचारलं, "प्लेट दक्षिणेलाच पायजे हुती?"

"व्हय."

"तुला पक्कं ठावं हुतं?"

"व्हय, मामा."

"मंग गप का बसलास?"

मी खाली पडलेली पक्कड उचलून पुसायला लागलो. ते शिव्या देतील असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बॅटरीतल्या ॲसिडनं त्यांचा सदरा खांद्यावर जळाला होता, खाली कातडी लाल झाली होती. तशाच सदऱ्यात ते वर चढले आणि स्वतःच्या हातानं प्लेट दक्षिणेला फिरवली. मामी खालून म्हणाल्या, "अवो, यमाची दिशा ती." मामा वरूनच म्हणाले, "असू दे. आला तर आधी माझ्याशी बोलंल." ते गेल्यावर त्यांना शेवटची आंघोळ घालताना खांद्यावरचा तो डाग माझ्या हाताला लागला, तेव्हा मला बाजूला व्हावं लागलं.

त्यानंतर प्लेट म्हणजे त्यांचं जित्राब झालं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. थंडीत ऊन खाली उतरतं, म्हणून धनत्रयोदशीला मामींनी यमाचा दिवा दक्षिणेला लावला की मामा वर चढून घोडीच्या मागच्या पायांखाली विटा सरकवायचे, प्लेट तेवढी उभी व्हायची. होळीला विटा काढायचे. सहा वर्षांत मशीन पुन्हा मध्येच बंद पडलं नाही.

मामा गेल्यावर दहा दिवस घरात दिवा होता, वात दक्षिणेला. दहाव्याला भावकीत कुजबुज झालीच, त्या प्लेटनंच घात केला, आता तरी फिरवा. मामी एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "सा वर्सं मी तिच्यावर जगले. कुणी हात लावायचा न्हाई."

धनत्रयोदशीला मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. मामींनी दारात दिवा लावला, म्हणाल्या, "दत्ता, ह्या साली इटा तुला लावाव्या लागत्याल." त्यांनी खालून शिडी धरली, मी दोन विटा घेऊन वर गेलो. घोडीच्या मागच्या पायांखाली विटा होत्याच. दसऱ्यापासूनच यंदा मामींना खोकला सुरू झाला होता... मामांनी दिवाळीची वाट बघितली नव्हती. शेजारी घडी घातलेलं त्यांचं फडकं, त्यावर दगड.

"बसल्या का इटा?" खालून मामींनी विचारलं.

एक क्षण वाटलं, हो म्हणावं आणि उतरावं. पण या वेळी गप्प बसलो नाही. "मामांनी लावून ठेवल्यात," मी म्हणालो. "जायच्या आधीच."

मी हातातल्या विटा घेऊन खाली उतरलो, तरी शिडी मामींनी धरूनच ठेवली होती.