वाघळं म्हणाली, वाघरं ऐकली

माझी थोरली जाऊ गोजरबाई, आमची अक्का. जेऊरात तिला वळखत न्हाई असं कोण न्हाई, आन् तिच्याशी भांडलं न्हाई असंबी कोण न्हाई. मी तर भिंतीला भिंत लावून ऱ्हाते, तवा माझा नंबर पयला. तिचा नवरा, आमचं दाजी, जाऊन लई वर्सं झाली, अक्काच्या पोटी लेकरू न्हाई. हाय ती दारातली एक चिंच, आन् त्या चिंचेवर लटकलेली शेकड्यानं वाघळं.

वाघळं म्हंजे तुमची वटवाघळं. दिवसभर उलटी टांगून घेत्यात, कलकल करत्यात, आन् वाळत घातलेल्या धुण्यावर रांगोळी काढत्यात. माझं एकेक पातळ किती बार दोनदा धुतलं, इचारू नका. पण अक्काचं सगळंच येगळं. झाडाखालच्या लेंड्या झाडून परसातल्या वांग्यांना घालती, आन् वांगीबी मेली अशी धरत्यात की माझं बघून पोट दुखतंय. बांधावर उंबर आलं, जांभूळ आलं, तर मला म्हणती, "ही कुणी लावली? तुज्या नवऱ्यानं? वाघळांनी बी टाकलं म्हणून आली." आमचं मालक एकदा वरडलं, की वाघळं केळी खात्यात. तर म्हणाली, "आबा, तुजी केळी हिरवीच टेंपूत चढत्यात. वाघळाला पिकल्यालं लागतंय."

आमचं मालक म्हंजे आबासाहेब. त्यांचं खरं दुखणं केळी न्हवतीच, आमचा अमृत व्हता. तिशी उलटली तरी लगीन जमंना. पाव्हणं येत्यात, च्या पित्यात, झाडाकडं बघत्यात, आन् "कळवतो" म्हणून जात्यात. पोराला नोकरी न्हाई म्हणून पोरगी मिळंना, हे अख्ख्या करमाळा तालुक्याला ठावं हाय. पण कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं, की दारात वाघूळ म्हंजे घराला अवकळा. मालकांना ते पटलं, कारण वाघळं उलटी असली तरी उलट बोलत न्हाईत.

मग मंगळवेढ्याचं स्थळ आलं. पोरगी सोनाली, चांगली शिकल्याली. ऐतवारी पाव्हणं पोरीला घिऊन घर बघाया येणार म्हणल्यावर मालक शनवारी सकाळीच कुऱ्हाड घेऊन चिंचेखाली उभं ऱ्हायलं. अक्कानं आधी शिव्या दिल्या, मग हात जोडलं. मालक ऐकंनात. तवा तिनं थेट वनखात्याला फोन लावला.

आता अक्काची सकाळ म्हंजे मिसरीची. दातावर बोट फिरतंय, तोंड गच्च भरल्यालं, त्यात "ळ" कुठला नीट निघायला. आन् आमच्याकडं बिबट्याला म्हणत्यात वाघरू. मी शेजारीच उभी व्हते, फोनमधलंबी ऐकू येत व्हतं.

"सायेब, माज्या झाडावर वाघळं हायती, आन् आमचा दीर कुऱ्हाड घिऊन आलाय."

"वाघरं? किती हायत?"

"लई हायती. पिल्लंबी हायती."

"बाई, कुणावर हल्ला केला का?"

"हल्ला कशाला करत्यात? दिवसभर झोपत्यात. दिवस मावळला की पोटाला हुडकाया जात्यात."

"तुमी झाडाखाली जाऊ नका, आमी निघालोच."

"मी न्हाई गेले तर लेंड्या कोण गोळा करणार?"

सायबानं घाईघाईनं फोन ठिवला. अक्का मला म्हणाली, "बघ, सरकारला आपली किती काळजी हाय."

बिबट्याच्या नुसत्या नावानं आमच्या भागाच्या तोंडचं पाणी पळतंय. गाडीच्या आधी बातमी आली. निम्मं गाव माळवदावर चढलं, साळा सुटली, कुणी थाळ्या बडवाया लागलं. मागनं जीप आली, तिच्यामागं पिंजरा, आन् पिंजऱ्यात आमिषाला बांधल्याली शेळी. आमचं मालक मातूर चिंचेखाली कुऱ्हाडीला धार लावत बसल्यालं. त्यांना वाटलं, गर्दी आपल्यालाच बघाया जमली.

तेवढ्यात सायबानं भोंग्यातनं सांगितलं, "कुऱ्हाडवाले काका, पळू नका. पाठ न दाखवता हळूहळू मागं या. तुमच्या डोक्यावर वाघरं हायत."

मालकांनी वर बघितलंच न्हाई. कुऱ्हाड टाकली आन् समोर जे उघडं दार दिसलं त्यात शिरलं. दार खाडकन खाली पडलं. आमचं मालक पिंजऱ्यात, शेळीच्या गळ्यात पडून. शेळी बिचारी वरडंना का हलंना.

गलक्यानं वाघळं उठली आन् चिंचेभवती घिरट्या घालाया लागली. सायबानं वर बघितलं, मग अक्काकडं बघितलं. अक्कानं पचकन थुकून तोंड मोकळं केलं. "मग मी काय सांगितलं व्हतं? वाघळं."

सायेब चिडला, मग हसला, मग खाली बसूनच हसला. जाताना मालकांना बजावलं, की ह्यांना माराया कायद्यानं बंदी हाय, आन् ही बी पसरवत्यात, फुलं फळाला आणत्यात म्हणून रानं टिकल्यात. मालक पिंजऱ्यातनंच "व्हय, व्हय" म्हणालं. दार उघडायच्या आधी गावानं फोटू काढलं. सांजपातूर फोटू मंगळवेढ्याला पोचला. मी कपाळाला हात लावला. अमृतचं लगीन आता वाघळांनी न्हाई, बापानंच मोडलं.

तरी ऐतवारी पाव्हणं आलं. सोनालीचा बाप उंबऱ्यातच मालकांना म्हणाला, "पिंजऱ्यातलं तुमीच का?" मालकांनी घाईघाईनं पाण्याचा तांब्या म्होरं केला. पोरगी पदरात तोंड लपवून हसत व्हती. मला तितंच ती आवडली.

च्या-पाणी, बोलणी व्हईपातूर दिवस मावळला. चिंच हलाया लागली आन् वाघळं एकेक करून उजनीच्या पाण्याकडं निघाली. सगळी अंगणात मान वर करून उभी ऱ्हायली. सोनालीनं अक्काला इचारलं, "आत्या, तुमाला भ्या वाटत न्हाई?"

अक्का म्हणाली, "ह्यांचं कसलं भ्या? रातीला घरात मी एकटी, त्याचं वाटतंय. पहाटं ही माघारी आली, कलकलाट सुरू झाला, की वाटतंय, चला, घरात माणसं आली."

मधी एक भिंत, आन् हे तिनं आमाला कधी सांगितलं न्हवतं.

निघताना सोनालीचा बाप म्हणाला, "पोरीला पसंत हाय. झाड तेवढं ऱ्हाऊ द्या म्हणती."

मालकांनी मान हलवली. मग अक्काकडं न बघताच म्हणालं, "वयनी, आजपास्नं जेवाया आमच्यात."

अक्का वाटच बघत असल्यागत आली. पाटावर बसली, भाकरी मोडली, आमटीचा भुरका मारला आन् म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी मिठाचं भांडं तिच्या म्होरं आदळलं, आन् आणखी एक भाकरी वाढली.