एकत्र की विभक्त?

धारूरहून निघालो त्या सकाळी माय रडली, भावजय रडली, शेजारची आत्यासुद्धा रडली. मी मात्र नाही. खरं सांगतो, मला रडायला फुरसतच नव्हती! पुण्याला जुने फारसी कागद वाचायची नोकरी, तीही इंग्रजी मुलखात, आणि पगार तिथल्या, आपल्याहून भारी, कलदार रुपयांत! निजामाच्या राज्यातला आपला हाली रुपया ज्यानं आयुष्यभर बघितला, त्याला ते कलदार म्हणजे काय वाटायचं ते मी कोणत्या तोंडानं सांगू? बैलगाडीत बसलो, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलाच्या पाठीवर हात ठेवून एवढंच सांगितलं, "परमुलखात चाललास. कुनी इचारलं तर आदी घराचं नाव सांग, मंग तुझं."

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे माझ्यामागून बीडवरनं नगरच्या वाटेनं इकडं आले, त्यांना सरहद्दीवरचा करोडगिरीचा नाका आठवत असेल. तिथल्या शिपायानं माझं गाठोडं सोडलं, धपाट्यांचा वास घेतला, एक काढून खाल्ला आणि "जाव मियाँ" म्हणून जकातीविना सोडून दिलं. नाका मागं पडला तसा मी गाडीतच ओरडलो. गाडीवान दचकून म्हणाला, "काय चावलं का बे?" आणि जे गावातच राहिले त्यांनी हसू नये. नगरला पहिल्यांदा आगगाडी बघितली असती तर तुम्हीही माझ्यासारखेच तोंड उघडं टाकून उभे राहिला असता.

पुण्यात पहिलं वर्ष कसं गेलं कळलंच नाही. मी नोकरीला लागलो त्या इतिहासाच्या संस्थेत, कापडात बांधलेले कागदांचे रुमाल कपाटांत छतापर्यंत भरलेले. बीडच्या मौलवीसाहेबांनी छडी हातात घेऊन शिकवलेली फारसी तिथं अशी कामाला आली की मोठमोठे विद्वान माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. माझ्या 'लई'ला आणि 'हाय'ला मात्र ते पोट धरून हसायचे. हसू देत! कागद वाचून घ्यायला शेवटी माझ्याकडंच येत होते ना?

मग एक दिवस सरकारी फॉर्म आला. इन्कमटॅक्सचा. आपल्याकडं सरकार जमिनीचा सारा घेतं. पण माणसाच्या पगारावरही कर असतो हे मला नवलच होतं. राग यायला हवा होता, पण मी तर हरखून गेलो. सरकारनं माझं नाव शोधून मला कागद धाडला! टाक धुऊन, नव्या शाईनं, सगळ्यात सुंदर अक्षरात मी तो भरला. उत्पन्न कोणाचं, असा रकाना होता. तिथं मी आबांचं नाव लिहिलं.

आता तुम्हीच सांगा, दुसरं काय लिहिणार? आमच्या घरी कापूस विकला तर तो आबांचा. थोरल्या भावानं जत्रेत कुस्ती मारून फेटा आणला, तर तोही आबांच्या हातात. माझा पगारही मी घरीच पाठवत होतो, खोलीभाडं आणि खानावळीपुरता ठेवून. माझं असं काही असतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

कचेरीतून बोलावणं आलं. कारकुनानं विचारलं, "हे गृहस्थ पुण्यात कुठे नोकरीला आहेत?"

"ते धारूरला शेती करतात," मी म्हणालो.

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. पण कारकून हुशार होता, त्यानं पुढं विचारलं, "तुम्ही शिकलात कोणाच्या खर्चानं?"

"आबांच्या."

"तेव्हा हा पगार एकत्र कुटुंबाचा ठरू शकतो. मग कर्त्याचा, म्हणजे वडिलांचा, जबाब लागेल. कशाला एवढा खटाटोप? इथं 'विभक्त' लिहा, सही करा आणि मोकळे व्हा."

माझा हात तिथंच थांबला. माझे काका वेगळे निघाले तेव्हा मी लहान होतो. अंगणात मधोमध भिंत आली, दुसरी चूल पेटली, आणि आबा कित्येक दिवस भाकरीला नीट शिवले नाहीत. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तो मी स्वतःच्या अक्षरात लिहायचा? आणि हे धारूरला कळलं तर? मला उंबरा चढायचं तोंड राहिलं नसतं. मी मुदत मागून घेतली आणि घरी सगळं कळवलं.

उत्तर आलं नाही. आबाच आले! खांद्यावर घोंगडी, डोळ्यांत आगगाडीचा धूर. "ही गाडी लई पळती रं!" हे पहिलं वाक्य. कचेरीच्या वाटेवर मी बडबडत होतो, ते घोंगडी सावरत पुढं चालत होते.

कारकुनानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "शिकवला म्याच. कावून इचारता?"

"मग त्याच्या पगारावर हक्क सांगा. नसेल सांगायचा तर तो विभक्त."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग कारकुनाकडं. "साहेब, गडी ठिवला तर त्याच्या कामावर माझा हक्क. पोराला शिकीवलं, त्ये दिलं. दिलेल्यावर आमी हक्क सांगत न्हाई. पगार त्याचा. पर चूल एक हाय, त्ये बी लिवा."

कारकून उठून आत साहेबाकडं गेला, परत आला आणि लिहिलं: कुटुंब एकत्र, पगार स्वतःचा. आबांनी खाली अंगठा उठवला. आणि धारूरला राहून गेलेलं सगळं रडू मला तिथं, भर कचेरीत आलं.

"आरं, कर भरायचा म्हनून रडतूस व्हय?" आबा म्हणाले.

बाहेर पडल्या पडल्या मी दुकानात शिरलो आणि एक छत्री घेतली.

"घरासाठी घेतलीस?" आबांनी विचारलं.

"नाही. तुमच्यासाठी. माझ्या पगारातनं."

ते स्टेशनापर्यंत ती काखेत धरून चालले.

आता इकडं माझा संसार आहे. माझी पोरं पुण्याची भाषा बोलतात आणि माझ्या 'लई'ला हसतात. दर वर्षी फॉर्म येतो. उत्पन्नाच्या रकान्यात मी माझं नाव लिहितो आणि पुढं, जरा दाबूनच, 'एकत्र'. धारूरची वाट मला कधी लांब वाटली नाही, ती त्या एका शब्दामुळं. पाठवायचं तेवढं आजही पाठवतो, फक्त आता ते मी देतो.

मागच्या दिवाळीला गेलो तर भाऊ तक्रार घेऊन बसलेला. बैल मागा, गाडी मागा, आबा कुणालाही नेऊ देतात, पण पावसात भिजत जा, छत्री देणार नाहीत. मी आबांना विचारलं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, ढगाचा मागमूस नाही, आणि म्हातारा छत्री उघडून बाजाराला निघालेला.

"घरातलं समदं तुमचं हाय, न्या की," ते म्हणाले. "ही तेवढी माझी. माझ्या ल्योकानं दिलीय."