माझ्या जन्माआधीचं स्टेशन

अण्णा फणसासारखे होते, बाहेरून काटे आणि आत गरे, असं आमचे नातेवाईक सांगतात. सांगणारे सगळे लांबचे. मी लग्न होईपर्यंत त्यांच्या घरात राहिले, जेवढं कापता येईल तेवढं कापून पाहिलं, आणि हाताला चीकच लागला. आपले वडील गेल्यावर त्यांच्याबद्दल बरं बोलायची रीत आहे. ती इतरांनी पाळावी.

संस्थानच्या काळात अण्णा उज्जैनला छोट्या लाईनचे स्टेशन मास्तर होते. आगरची गाडी त्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय हलत नसे. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आणि काही वर्षांत छोटी लाईनही मोठ्या रेल्वेत गेली. त्या जोडाजोडीत अण्णांना मोठ्या लाईनच्या पार्सल ऑफिसात बसवलं. तिथली कालची पोरं त्यांना तोंडावर ‘छोटी लाईन’ म्हणायची. अण्णा तिथे एक शब्द बोलत नसत. तो सगळा राग घरी घेऊन येत.

आमच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं बरीच, त्यामुळे गणपती जोरात. मांडवातली आरास अण्णांकडे असे. इतर मांडवांत कैलास, लंकादहन, कृष्णजन्म. आमच्याकडे दरवर्षी उज्जैनचं स्टेशन. जुन्या दाराच्या फळीवर अण्णांनी ते उभं केलं होतं. छत्रीच्या काड्यांचे रूळ, तुपाच्या डब्याच्या पत्र्याची पाण्याची टाकी, विटेची भुकटी घालून केलेली खडी. पत्र्याच्या छपरावर संस्थानचा झेंडा. लोक लांबून बघायला येत, हे मान्य करायला हवं.

पण ते स्टेशन आजचं नव्हतं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षाचं होतं, आणि त्याच वर्षात राहायचं असा अण्णांचा कायदा होता. खऱ्या स्टेशनावर कडुलिंब तोडून प्लॅटफॉर्म वाढवला, सिंधी निर्वासितांच्या टपऱ्या लागल्या, पाट्या बदलल्या. आमच्या फळीवर कडुलिंब हिरवागार. कुणी म्हटलं की, “अण्णा, या वर्षी टपऱ्या दाखवा ना, मजा येईल,” तर अण्णा म्हणत, “एक साल म्हणजे एक साल. लिंब आहे तर टपरी नाही. दोन्ही पाहिजेत तर जत्रेत जा.” एकदा शेजारच्या मुलीने हौसेने छपरावर कागदी तिरंगा खोचला. अण्णांनी तो उपटून तिच्या हातात दिला आणि तिच्या बापासमोर तिला रडवलं.

त्या प्लॅटफॉर्मवर रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या ढलपीतून कोरलेली माणसं होती. स्टेशन मास्तर अर्थातच अण्णा. दारात घागर घेतलेली बाई ती आई. आणि टाकीखाली, गाडीकडे बघून उजवा हात वर केलेला, निळ्या चड्डीतला लहान मुलगा म्हणजे माझा दादा. दादा खरोखरच त्या टाकीखाली खेळायचा म्हणे. स्वातंत्र्याच्या उन्हाळ्यात त्याला देवी आल्या आणि तो गेला. मी त्यानंतरची.

मी फळीवर नव्हते. दरवर्षी विचारायचे, “अण्णा, मी कुठाय?” दरवर्षी तेच उत्तर: “तू तेव्हा नव्हतीस.” अण्णा हे इतर मुलांच्या घोळक्यात सांगायचे, आणि मुलं हसायची. मला ते स्टेशन जाळावंसं वाटे. आणि त्याच वेळी त्या प्लॅटफॉर्मवर बोटभर जागा मिळावी म्हणून मी काहीही केलं असतं. ते माझं लहानपण, दुसरं काही नाही.

मी आठेक वर्षांची असताना मोठ्या लाईनचे एक साहेब आरतीला येणार असं ठरलं. अण्णांच्या बढतीचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होता. मांडवाचे सेक्रेटरी घरी आले. ते माळव्याचेच, हिंदी बोलणारे. “बाबूजी, झंडा तो हटा दो,” ते म्हणाले, “राजा-महाराजा का ज़माना गया. साहब बुरा मान जाएँगे. नया स्टेशन बना दो, खुश हो जाएँगे.”

मला वाटलं, आता यांना चहाच्या कपासकट बाहेर काढतात. अण्णांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “हो जाएगा.”

झालंही. ज्या माणसाने लहान मुलीचा कागदी झेंडा सहन केला नाही, त्याने स्वतःच्या हाताने तिरंगा रंगवला. कडुलिंब उपटला. आगपेट्यांच्या टपऱ्या केल्या, नवी पाटी लिहिली, स्टेशन मास्तर काढून डब्यात टाकला. मी शेजारी बसून बघत होते. हिशेब माझ्या ध्यानात आला तशी मी टुणकन उठले. “अण्णा, आता हे या वर्षीचं स्टेशन ना? मग आता मी आहे!”

“जागा नाही,” अण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. आई सहसा त्यांच्यापुढे बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. “साहेबासाठी साल बदलता येतं, आणि पोरीसाठी बोटभर जागा होत नाही? अहो, नियम तर तुमचाच आहे. उठता-बसता तिला तोच ऐकवता ना? आता पाळा की!”

“ठीक है,” अण्णा म्हणाले. “नियम तर नियम. पाळतो.”

साहेब यायच्या दिवशी मी नवा फ्रॉक घालून सगळ्यांच्या आधी मांडवात गेले. टाकीखाली लाल फ्रॉकची, दोन वेण्यांची मुलगी उभी होती. मी! मी आनंदाने ओरडले, आईला हाताला धरून ओढत आणलं. आईही हसत आली. मग तिने वाकून पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे पाहीना, सगळ्या प्लॅटफॉर्मवर काहीतरी शोधू लागली. तेव्हा मी पुन्हा पाहिलं. लाल फ्रॉकच्या मुलीने उजवा हात वर केला होता.

“या साली तो नाही,” मागून अण्णा म्हणाले. “ही आहे. मग लाकूड कशाला फुकट घालवायचं?”

तेवढ्यात साहेब आलेच.

साहेबांनी आरती घेतली, फळीपुढे थांबले, “वाह” म्हणाले. अण्णा हात जोडून उभे. मग साहेबांनी टाकीवर बोट ठेवलं. “मास्टरजी, यह टंकी तो कब की टूट गई!” सगळे हसले. पार्सल ऑफिसातली पोरं सगळ्यांत जोरात. “छोटी लाईन की टंकी है साहब, रहने दीजिए,” एक जण म्हणाला, आणि साहेबही हसले. इतकी वर्षं एक पान चुकू न देणारे अण्णा टाकीच विसरले होते. विसरले, की त्यांच्याने ती काढवली नाही, हे मला माहीत नाही. तेव्हा मलाही हसू आलं आणि फार बरं वाटलं. बढती दुसऱ्याला मिळाली.

रामघाटावर गणपती पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून घरी आले, तर आई मोरीशी बसलेली. पुढ्यात वाटीत घासलेट, हातात चिंधी. टाकीखालची ती लाकडी बाहुली ती घासत होती. वेण्या गेल्या होत्या. फ्रॉकचा लाल रंग चिंधीला लागत होता, वाटीत उतरत होता, तिच्या बोटांना लागला होता. ती नखाने खरवडत होती, दात-ओठ खाऊन. खालून निळी चड्डी दिसायला लागली तशी ती रडू लागली, पण हात थांबला नाही.

माझ्यासाठी भांडलेली ती एकटीच होती.

“आई,” मी म्हटलं, “आणि मी?”

तिने मान वर केली नाही. “तू आहेस ना इथे, धडधाकट,” ती म्हणाली. “जा, हात-पाय धू.”

मोरीशी ती बसली होती, म्हणून मी बाहेरच्या नळावर गेले.