सासूच्या सात बकऱ्या

आमच्या गावातल्या जवळपास प्रत्येक बकरीच्या तोंडात मी बोट घातलेलं आहे. ही बढाई नाही, माझं कामच ते. मी पशुसखी. बकऱ्यांना जंताचं औषध पाजायचं, लस टोचायची, वाढलेली खुरं कापायची आणि बकऱ्यांहून हट्टी अशा त्यांच्या मालकिणींना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. फक्त सात बकऱ्यांना मला हात लावता येत नव्हता, आणि त्या माझ्याच अंगणात बांधलेल्या होत्या. माझ्या सासूच्या.

चूक माझी होती. प्रशिक्षण घेऊन आले त्याच आठवड्यात, कधी एकदा कुणाला औषध पाजते असं मला झालं होतं. घरच्याच एका बकरीवर हात साफ करून घेतला. ती नुकतीच गाभण राहिली होती. पहिल्या महिन्यात देऊ नका, असं खोक्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. कागद मी वाचला नाही आणि सासूला विचारलंही नाही. सही करता न येणाऱ्या सासूला शिकून आलेली बाई कशाला विचारेल? तीन दिवसांत बकरीनं गाभ टाकला. सासूनं शेजारणींना सांगितलं, बकरी धुऱ्यावरून पडली. धुरा म्हणजे धानाच्या दोन शेतांमधली मातीची पाळ, उंची फार तर गुडघ्याएवढी. मी गप्प बसले, आणि घरात कायदा झाला.

"माया बकऱ्याले हात नाई लावाचा."

बाकी गावात माझं बरं चाललं होतं. पूर्वी व्यापारी यायचा, बकरी दोन्ही हातांनी उचलायचा आणि तोंड असं वाकडं करायचा की मालकिणीलाच बकरीची लाज वाटावी. मी समाजमंदिरापुढच्या कडुलिंबाला वजनकाटा टांगला. आता तो तोंड वाकडं करतो आणि बाया काट्याकडे बघतात. जंगलाच्या कडेची झाडं चाऱ्यासाठी बोडकी करू नका, धुऱ्यावर शेवरी लावा, हेही मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. सर्वांत आधी शेवरी कुणी लावली? सासूनं. कुडाच्या पलीकडून माझी सगळी भाषणं ती ऐकायची आणि वर म्हणायची, "तू सांगतलं म्हून नाई लावली."

दोन वर्षं अशी गेली. मग नवेगाव बांधाकडच्या एका गावात बकऱ्यांचा तो वाईट रोग आला. नाक वाहतं, तोंड येतं, हगवण लागते, आणि चार-सहा दिवसांत गोठा रिकामा होतो. दवाखान्यातून लस मिळाली. मी दारोदार सांगून आले, उद्या सकाळी समाजमंदिरापुढे बकऱ्या आणा. प्रत्येक दारात एकच सवाल.

"तुया घरच्या टोचल्या का वो?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घरी येऊन मी सासूच्या पुढ्यात बसले. ती तंबाखू मळत होती.

"आई, तुमच्या टोचल्याबिगर कोनी येऊन नाई राहिलं. तो रोग इथं आला तं एक बकरी वाचनार नाई. तुमच्या बी."

"नाई."

"काऊन नाई?"

"तुले मालूम हाये काऊन." तिनं तंबाखू तोंडात टाकली आणि बोलणं संपवलं. मला इतका राग आला की भाकरी थापताना परात वाजवून वाजवून मी तो तिला ऐकवला.

सकाळी बर्फाचा डबा घेऊन पोचले तर समाजमंदिरापुढे ही रांग. गावातली एकही बाई घरी राहिली नव्हती. मी चकित. मग कळलं की झुंजूमुंजू होताच सासूनं आपल्या साती बकऱ्या गावातून मिरवत चरायला नेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कपाळावर रेघ होती. टोचलेली बकरी ओळखू यावी म्हणून मी जांभळ्या औषधाची रेघ ओढते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी भराभर टोचत सुटले. रांग अर्धी झाली तेव्हा सासू बकऱ्या घेऊन परतली आणि लांब उभी राहिली. मी त्या रेघांकडे पाहिलं. जांभळ्या कुठल्या? त्या निळ्या होत्या. आमच्या मोरीवरची, पांढऱ्या कपड्यांची नीळ. माझी अब्रूही राखायची आणि बकऱ्याही माझ्यापासून राखायच्या, असे दोन्ही बेत म्हातारीनं बोटभर निळीत उरकले होते. मला हसू आलं आणि मी पुढची बकरी ओढली.

शेवटची बाई म्हणाली, "तुया सासूच्या टोचलेल्या बकऱ्या पायल्या, तवा भरोसा आला."

बाटलीत थोडी लस उरली होती. एकदा फोडलेली लस दोन-तीन तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. गप्प राहिले असते तर सगळं साजरं होतं, फक्त त्या सात बकऱ्या रोगापुढे उघड्या पडत होत्या. मी सुई खाली ठेवली.

"त्या टोचल्या नाई. ते नीळ हाये," मी म्हणाले. "अन् ते बकरी धुऱ्यावरून पडली नोहोती. मी चुकीचं औषध पाजलं होतं."

जमलेल्यांतली सर्वांत म्हातारी बाई म्हणाली, "मालूम हाये. धुऱ्यावरून बकरी पडते का वो कई? ते तं घरावरच्या कवेलूवर चढते."

"मंग दोन साल बोलल्या काऊन नाई?"

"तुया सासूनं सांगतलं पडली, तं पडली."

सगळ्या हसल्या. मी मात्र रडले, भर चौकात, हातात कापूस घेऊन. मी हुशारीनं लपवलं असं समजत होते, आणि अख्खं गाव माझ्या सासूची एक थाप दोन वर्षं सांभाळत होतं.

सासू बकऱ्या हाकत पुढे आली. पहिलीला माझ्यासमोर धरून उभी राहिली, पण मी सुई उचलताच तिनं माझं मनगट धरलं.

"आंधी इचार."

"आई, हे गाभन हाये का?"

"नाई."

मी टोचली. अशा सहा झाल्या, सहा वेळा विचारून. सातवी तीच होती, जिचा गाभ माझ्यामुळे गेला होता. मी विचारलं. सासूनं तिच्या पोटावरून हात फिरवला.

"हाये. दोन महिन्याची."

मी खोक्यातला कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला, गाभणीला चालते ती ओळ दोनदा. सासूला त्यातलं अर्धं कळलं नसेल, तरी ती शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होती. मग तिनं बकरीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"टोच," ती म्हणाली.